दोनशे फुटांच्या आत

अमेरिकेत पोस्टाने येणाऱ्या पाकिटांचे दोनच प्रकार असतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. एक म्हणजे भरायची बिलं आणि दुसरा म्हणजे न उघडता टाकून द्यायच्या जाहिराती. 2022 च्या फेब्रुवारीत तिसरा प्रकार दारात आला. पोस्टमनने हिरव्या कार्डावर माझी सही घेतली आणि सर्टिफाइड मेलचं एक जाडजूड पाकीट हातात ठेवलं. आत दाट वकिली इंग्रजीत एक पानभर मजकूर होता. आमच्या मागच्या कुंपणापलीकडे जे मक्याचं शेत आहे, तिथे एका कंपनीला गोदाम बांधायचं आहे. त्या जागेवर झोनिंगप्रमाणे गोदामाला परवानगी नाही, म्हणून कंपनी "यूज व्हेरिअन्स" मागते आहे. सुनावणी अमुक तारखेला संध्याकाळी साडेसात वाजता. आपण दोनशे फुटांच्या आत राहता म्हणून कळवत आहोत.

रस्त्याच्या समोरच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे पाकीट आलं नव्हतं, कारण ती दोनशे फुटांच्या बाहेर. ट्रकचा आवाज अर्थातच दोनशे फूट संपले म्हणून थांबणार नव्हता.

मी आय.टी.तली बाई. कुठलाही आकडा दिसला की तो कुठून आला हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. दोनशे फूटच का? दहा दिवसांचीच नोटीस का? आणि मुळात शेजारच्याने त्याच्या जमिनीवर काय बांधावं हे मला विचारतंय कोण, आणि का? हे प्रश्न घेऊन मी वाचायला बसले ती दीडशे वर्षं मागे गेले. त्या वाचनात जे सापडलं ते यंदाच्या अंकासाठी लिहिते आहे. माझ्या गावाचं नाव मुद्दामच देत नाही. न्यू जर्सीत 564 नगरपालिका आहेत आणि जवळपास प्रत्येकीचं स्वतःचं बोर्ड आहे, तेव्हा आपापलं गाव वाचकांनी तिथे घालून घ्यावं.

गोष्ट सुरू होते ती गोदामापासून नव्हे, धोबीखान्यापासून. 1880 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या नगर मंडळाने, म्हणजे बोर्ड ऑफ सुपरवायझर्सने, एक नियम केला. लाकडी इमारतीत धोबीखाना चालवायचा असेल तर बोर्डाची परवानगी हवी. कारण दिलं आगीच्या धोक्याचं, आणि ऐकायला ते अगदी रास्त वाटतं. त्यावेळी शहरात सुमारे 320 धोबीखाने होते. त्यातले सुमारे 310 लाकडी इमारतींत होते आणि 240 च्या आसपास चिनी लोकांचे होते. दोनशेच्या वर चिनी धोब्यांनी परवानगी मागितली, एकालाही मिळाली नाही. चिनी नसलेल्या ऐंशीएक जणांनी मागितली, एक अपवाद सोडून सगळ्यांना मिळाली. ज्याच्या नावाने खटला गाजला त्या माणसाने त्याच जागेत बावीस वर्षं धोबीखाना चालवला होता आणि आगीच्या तपासनिसांचा दाखलाही त्याच्यापाशी होता. खटल्याचं नाव "यिक वो विरुद्ध हॉपकिन्स". गंमत म्हणजे यिक वो हे माणसाचं नाव नव्हतंच, ते दुकानाचं नाव! सरकारी कागदांवर आपल्या नावांचं काय होतं ते आपल्यालाही ठाऊक आहे. 1886 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की कायद्याचा मजकूर कितीही निष्पक्ष असो, तो राबवणारे हात पक्षपाती असतील तर तो चालणार नाही.

परवाना देणं-नाकारणं ही गोष्ट या देशात अशी सुरू झाली, हे मला आधी माहीत नव्हतं. "शेजाऱ्यांचं संरक्षण" आणि "नको असलेले शेजारी" ही जुळी भावंडं आहेत. पुढच्या इतिहासात ती सारखी हातात हात घालून भेटतात.

1910 साली बॉल्टिमोरने सरळच कायदा केला की गोऱ्यांच्या गल्लीत काळ्यांनी आणि काळ्यांच्या गल्लीत गोऱ्यांनी राहायला यायचं नाही. दक्षिणेतल्या काही शहरांनी त्याची नक्कल केली, केंटकीतल्या लुइव्हिलनेही केली. तेव्हा एन.ए.ए.सी.पी. ही संघटना नवी होती. तिने मुद्दाम एक जमिनीचा व्यवहार घडवून आणला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात नेलं. 1917 साली कोर्टाने लुइव्हिलचा कायदा रद्द केला. निकालाचा मुख्य आधार मात्र समानता हा नव्हता. मालकाला आपली जमीन हव्या त्या माणसाला विकता आली पाहिजे, असा तो होता. जमिनीच्या बाबतीत अमेरिका आधी मालकाचा हक्क बघते, माणूस नंतर. हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्यावं.

मधल्या काळात न्यूयॉर्कमध्ये वेगळंच चाललं होतं. 1915 साली ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली. जेमतेम एकरभर जागेवर सरळसोट अडतीस मजले! तिची सावली सात एकरांवर पडते अशी ओरड झाली. आजूबाजूच्या इमारतींच्या खिडक्यांत उजेड येईना, भाडी घसरली. तिकडे फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या उंची दुकानदारांचं दुखणं वेगळं होतं. कपडे शिवणारे कारखाने त्यांच्या दुकानांच्या मागे येऊन पोहोचले होते आणि दुपारच्या सुट्टीत तिथले कामगार, बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरित, फुटपाथवर गर्दी करत. गिऱ्हाइकांना ते आवडत नसे. दुकानदारांच्या संघटनेने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि कारखानदारांना सुनावलं की इथून हलला नाहीत तर तुमचा माल घेणार नाही. 25 जुलै 1916 रोजी न्यूयॉर्कचा झोनिंगचा ठराव मंजूर झाला. उजेड, हवा, आग, आरोग्य ही कारणं खरीच होती. त्या कामगारांना कोणी विचारलं होतं का, असा प्रश्न मात्र मला वाचताना पडत राहिला.

याच ठरावाबरोबर एक बोर्ड ऑफ अपील्स आलं. एडवर्ड बॅसेट नावाचे वकील या सगळ्याच्या मुळाशी होते. नियम सगळ्यांना सारखा लावला की कुठे ना कुठे एखाद्यावर अन्याय होतो आणि मग कोर्ट अख्खा कायदाच उडवून देतं, ही त्यांची भीती. म्हणून भिंतीला एक छोटी खिडकी ठेवली. ज्याची जमीन वेडीवाकडी आहे, ज्याला नियम पाळणं अशक्य आहे, त्याने त्या खिडकीशी यावं. तिचंच नाव पुढे "व्हेरिअन्स". माझ्या मागच्या शेताचा मालक शंभर वर्षांनी याच खिडकीशी उभा होता, फक्त हातात लाखो चौरस फुटांचं गोदाम घेऊन.

इथे एक छोटी गंमत सांगते. न्यूयॉर्कच्या एक वर्ष आधी, 1915 साली, आपल्या मुंबई इलाख्यात टाउन प्लॅनिंगचा कायदा झाला होता. भारतातला तो पहिला. आमच्या मंडळात एक काका आहेत. पुण्यात बांधकाम खात्यात उभी नोकरी करून आता मुलाकडे राहायला आले आहेत. मी त्यांना माझं हिरव्या कार्डाचं पाकीट दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"अगं, म्हणजे हे हरकती आणि सूचना!" ते म्हणाले. "आपल्याकडे विकास आराखड्याला असतात. पेपरात बारीक टायपात जाहिरात यायची, आणि लोकांना कळेपर्यंत मुदत संपलेली असायची. पण एकेका इमारतीसाठी शेजाऱ्याला घरपोच पाकीट? हे मी काही बघितलं नाही बाई."

त्यांना मी 2015 सालच्या मुंबईच्या मसुद्याची आठवण करून दिली. त्यावर हजारोंनी हरकती पडल्या आणि मुख्यमंत्र्यांना तो मसुदा मागे घेऊन दुरुस्त करायला सांगावं लागलं. "तो मुंबईचा आराखडा होता, सगळे जागे होते," काका म्हणाले. "तुझ्या शेताला कोण जागं आहे ते बघ."

तर घरपोच पाकिटाकडे वळू. 1921 साली हर्बर्ट हूवर व्यापारमंत्री असताना त्यांनी एक समिती नेमली. बॅसेट तिच्यातही होतेच. या समितीने राज्यांसाठी एक नमुना कायदा लिहिला. तो 1924 मध्ये छापला गेला आणि 1926 मध्ये सुधारून पुन्हा निघाला. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला टेम्प्लेट म्हणतो तसाच प्रकार. राज्यांनी तो उचलला, नावं बदलली आणि पास केला. त्यात दोन गोष्टी अशा होत्या की ज्यांच्यावर आजही तुमचं-माझं बोलणं उभं आहे. पहिली म्हणजे झोनिंगचा नियम करताना किंवा बदलताना जाहीर सुनावणी घ्यायची आणि निदान पंधरा दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यायची. दुसरी गोष्ट फारच कमी लोकांना माहीत असते. लगतच्या जमिनींपैकी वीस टक्के क्षेत्राच्या मालकांनी लेखी हरकत घेतली, तर साध्या बहुमताने तो बदल होणार नाही, कौन्सिलच्या तीन-चतुर्थांश सभासदांनी बाजूने मत द्यायला हवं. न्यू जर्सीच्या कायद्यात हेच कलम दोनशे फूट आणि दोन-तृतीयांश मतं अशा रूपात आहे. ते फक्त झोनिंगचा नियम बदलताना लागतं, व्हेरिअन्सला नाही. टेक्सासमध्ये याच जातीच्या कलमावर बोट ठेवून ऑस्टिनमधल्या घरमालकांनी अख्ख्या शहराची नवी नियमावली कोर्टात रोखली, 2020 मध्ये आणि अपिलात पुन्हा 2022 मध्ये.

मग शेजाऱ्यांनाच थेट निर्णय का देऊ नये, असं कोणी विचारेल. तसेही प्रयोग झाले आणि ते कोर्टात गेले. सिअ‍ॅटलमध्ये नियम होता की वस्तीत गरीब म्हाताऱ्यांसाठी निवारा बांधायचा असेल तर चारशे फुटांच्या आतल्या दोन-तृतीयांश मालकांची लेखी संमती आणा. एका ट्रस्टला जुन्या निवाऱ्याच्या जागी मोठी इमारत बांधायची होती, परवाना मिळेना. 1928 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नियम मोडीत काढला. शेजारी स्वार्थाने, लहरीने किंवा निव्वळ आकसाने नाही म्हणू शकतात आणि त्यांच्यावर कोणाचं नियंत्रण नाही, म्हणून निर्णय त्यांच्या हाती देता येणार नाही. रहिवाशांच्या हक्काची खरी हद्द या निकालात दिसते. तुम्हाला सांगायचा हक्क आहे, तुमचं ऐकून घेणं बोर्डाला भाग आहे, पण मत तुमचं नाही.

त्याच्या दोनच वर्षं आधी, 1926 मध्ये, ओहायोतल्या युक्लिड या छोट्या गावाचा खटला झाला. अँबलर रिअल्टीची 68 एकर जमीन गावाने निरनिराळ्या झोनमध्ये वाटून टाकली होती, आणि कंपनी म्हणत होती की यात आमची किंमत बुडाली. कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी गावाच्या बाजूने निकाल दिला आणि झोनिंग कायम झालं. त्या निकालात न्यायमूर्ती सदरलँड यांनी घरांच्या वस्तीत येणाऱ्या अपार्टमेंट इमारतीला जवळजवळ बांडगूळ म्हटलं आहे. मी ग्रॅड स्कूलमध्ये चौघी मिळून एका दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहत होते. ते वाचून जरा हसूच आलं.

न्यूयॉर्कच्या जेन जेकब्ज यांच्याबद्दल खूप लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. रॉबर्ट मोझेस हे तिथले सर्वशक्तिमान अधिकारी. त्यांना वॉशिंग्टन स्क्वेअर या बागेतून मोठा रस्ता काढायचा होता. 1952 पासून शर्ली हेज नावाच्या एका आईने सह्या गोळा करायला सुरुवात केली, नंतर जेकब्ज आल्या, आणि 1958 मध्ये बागेत गाड्यांना बंदी झाली. विरोध करणाऱ्या म्हणजे नुसत्या आया आहेत, असं मोझेस तुच्छतेने म्हणाल्याचं सांगतात. मला त्यांच्यापेक्षा आवडतो तो 10 एप्रिल 1968 चा प्रसंग. मॅनहॅटनच्या आरपार जाणाऱ्या एक्स्प्रेसवेची सुनावणी एका शाळेत चालली होती. माइक लोकांकडे तोंड करून ठेवलेला. म्हणजे बोलणाऱ्याची पाठ अधिकाऱ्यांकडे! जेकब्ज बोलायला उठल्या, म्हणाल्या की इथे कोणी ऐकत नाहीये, आणि लोकांना घेऊन व्यासपीठावर चढल्या. त्या गोंधळात स्टेनोग्राफरच्या यंत्रातली कागदाची पट्टी जमिनीवर पसरली. नोंद नाही म्हणजे सुनावणीच झाली नाही, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं. पोलिसांनी त्यांना अटक केली. पुढच्या वर्षी तो रस्ता नकाशावरून काढून टाकला गेला.

नोंद नाही म्हणजे सुनावणी नाही. हा मुद्दा मला माझ्या गोदामाच्या वेळी उमगला, आणि तोही पहिल्या फजितीनंतर.

न्यू जर्सीचा जमीन वापराचा कायदा 1975 मध्ये झाला आणि 1976 पासून लागू झाला. जाहीर सभांचा कायदाही 1975 चाच. या दोन्हींमुळे इथली सुनावणी ही नुसती सभा नसते, अर्धं कोर्ट असतं. साक्षीदार शपथ घेतात. अर्जदाराचा इंजिनियर, वाहतूक तज्ज्ञ, आर्किटेक्ट, प्लॅनर एकेक करून साक्ष देतात आणि प्रत्येकानंतर लोकांना त्याची उलटतपासणी घेता येते. वकील नसला तरी तुम्ही स्वतः घेऊ शकता. मत मांडायची पाळी नंतर येते. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या रात्री इंजिनियरची साक्ष संपल्यावर अध्यक्षांनी विचारलं, "कोणाला काही?" मी उठले आणि लिहून नेलेलं भाषण सुरू केलं. शेत, हरणं, मुलांचा सायकलचा रस्ता. दोन मिनिटांत त्यांनी थांबवलं. "मॅडम, यात प्रश्न कुठला आहे?" प्रश्न नव्हताच. मी खाली बसले. नवऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली, काही न बोलता.

आम्ही दोनशेवर सह्यांचं निवेदनही नेलं होतं. बोर्डाच्या वकिलांनी सौम्यपणे सांगितलं की ते पुरावा म्हणून घेता येणार नाही, कारण कागदावरच्या सहीची उलटतपासणी घेता येत नाही. त्यातल्या वीस जणांनी स्वतः यावं.

मग कामाला लागले. सुनावणीच्या निदान दहा दिवस आधी सगळे नकाशे आणि अहवाल गावाच्या कचेरीत बघायला ठेवावे लागतात, हे कळलं. एक शुक्रवार सुट्टी काढून मी वाहतुकीचा अहवाल वाचत बसले. आमच्या धंद्यात सगळा प्रोग्राम बरोबर असतो, टेस्ट डेटा चुकीचा असतो. इथे तसंच निघालं. गाड्या मोजल्या त्या आठवड्यात शाळांना सुट्टी होती. पुढच्या सुनावणीला मी वाहतूक तज्ज्ञांना तीनच प्रश्न विचारले. मोजणी कोणत्या तारखांना केली? त्या दिवशी शाळेच्या बस धावत होत्या का? नसतील, तर आकडे दुरुस्त केले आहेत का? शेवटच्या उत्तराला त्यांनी कागद उलटेपालटे केले. बोर्डाने पुन्हा मोजणी करायला सांगितलं.

यूज व्हेरिअन्सला सातांपैकी पाच मतं लागतात, साधं बहुमत चालत नाही. शिवाय अर्जदाराला दोन गोष्टी पटवाव्या लागतात: या जागी हा वापर असण्याला खास कारण आहे, आणि त्याने लोकांचं व गावाच्या आराखड्याचं फारसं नुकसान होत नाही. म्हणजे "आम्हाला नको" याला काही वजन नाही. "आराखड्याच्या अमुक पानावर हे लिहिलंय आणि हा अर्ज त्याच्या विरुद्ध आहे" याला वजन आहे. एका रात्री बोर्डाचे पाचच सभासद हजर होते, तर अर्जदाराच्या वकिलांनी आपणहून मतदान पुढच्या महिन्यावर ढकललं. पाचपैकी पाच मिळवण्याचा धोका कोण घेणार! ही असली गणितं माहीत झाली की त्या कंटाळवाण्या रात्री जरा सुसह्य होतात.

आता जे सांगायला अवघड आहे ते.

तिसऱ्या सुनावणीत मी शपथ घेऊन मत मांडलं. ट्रॅफिक, पार्किंग, पाण्याचा निचरा, आणि शेवटी "वस्तीचं स्वरूप". इंग्रजीत ते शब्द तोंडातून निघाले आणि मी अडखळलेच, कारण ते मी आधी ऐकले होते. 2013 साली आमच्या मराठी शाळेसाठी शेजारच्या गावातला एक जुना हॉल घ्यायचा ठरत होतं. रविवारी सकाळी साठेक मुलं येणार. पार्किंगच्या जागा थोड्या कमी पडत होत्या, म्हणून सवलत हवी होती. तेव्हा मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते, मुलगा कडेवर. एकामागून एक शेजारी उठले: ट्रॅफिक, पार्किंग, निचरा, वस्तीचं स्वरूप. एका गृहस्थांनी विचारलं की तिथे स्वयंपाक होणार का, वास येतो. कोणीही एकही वावगा शब्द वापरला नाही. चार सुनावण्यांत वकील आणि इंजिनियरच्या बिलांनी शाळेची गंगाजळी संपली आणि आम्ही अर्ज मागे घेतला. शाळा आजही भाड्याच्या वर्गात भरते, दर रविवारी फळा पुसून परत देतो.

याच राज्यात, बर्नार्ड्स टाउनशिपमध्ये, 2012 साली एका मशिदीचा अर्ज आला होता. अर्ज करणाऱ्या संस्थेचे प्रमुख त्याच गावचे माजी महापौर. साडेतीन वर्षांत 39 सुनावण्या झाल्या आणि 2015 च्या डिसेंबरात अर्ज नामंजूर झाला. वादाचा मोठा मुद्दा पार्किंग. चर्चला आणि सिनेगॉगला तीन माणसांमागे एक जागा, त्या हिशेबाने दीडशे माणसांना पन्नास होतात. मशिदीकडून 107 मागितल्या. 2000 साली झालेला एक केंद्रीय कायदा धार्मिक संस्थांना जमीन वापरात सापत्न वागणूक द्यायला मनाई करतो. 2016 च्या शेवटच्या दिवशी केंद्रीय न्यायाधीशांनी गावाच्या विरुद्ध निर्णय दिला आणि 2017 मध्ये साडेबत्तीस लाख डॉलर्सना तडजोड झाली. धोबीखाने आठवले की नाही? तेव्हा आग होती, आता पार्किंग.

आणि माउंट लॉरेल. 1970 च्या आसपास तिथल्या जुन्या काळ्या वस्तीला छत्तीस अपार्टमेंट हवी होती. गावाने नाही म्हटलं, महापौरांनी चर्चमध्ये येऊन सांगितलं की परवडत नसेल तर गाव सोडा. एथेल लॉरेन्स या शिक्षिका कोर्टात गेल्या. 1975 मध्ये आणि पुन्हा 1983 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत्येक गावाने परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलला पाहिजे. त्यांच्या नावाच्या घरांत पहिली कुटुंबं राहायला यायला 2000 साल उजाडलं. त्या स्वतः 1994 मध्येच गेल्या होत्या. प्रत्येक सुनावणीला लोक येत होते, आपला हक्क बजावत होते, आणि तो हक्क खराच होता.

आमच्या गोदामाचं काय झालं? मंजूर झालं, पाच विरुद्ध दोन. पण जे मागितलं होतं ते नाही. इमारत जवळजवळ एक-तृतीयांशाने लहान झाली, ट्रकचा रस्ता आमच्या कुंपणापासून हलवून हमरस्त्याच्या बाजूला गेला, रात्री दहा ते सकाळी सहा माल चढवायचा-उतरवायचा नाही, आणि मध्ये मातीचा उंच बांध घालून त्यावर दोन रांगा झाडं. या अटी ठरावात लिहिल्या आहेत, त्यामुळे मोडल्या तर गावाकडे तक्रार करता येते. निकालाची सूचना छापून आल्यापासून 45 दिवसांत कोर्टात जायची मुभा होती. आम्ही गेलो नाही. वकिलाने सांगितलेला आकडा ऐकून चहा गार झाला. काका म्हणाले, "एवढ्या अटी लेखी मिळाल्या? मग पेढे वाट." मी काही वाटले नाहीत. शेत गेलंच होतं.

गेल्या महिन्यात समोरच्या मैत्रिणीचा फोन आला. तिच्या बाजूला अपार्टमेंट येताहेत, त्यातली काही कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. यावेळी दोनशे फुटांच्या आत ती आहे, मी बाहेर. "तुला आता सगळं माहीत आहे," ती म्हणाली, "तू येऊन बोल ना आमच्या बाजूने." मी तिला म्हटलं, आधी फाइल बघू दे. गुरुवारी कचेरीत जाऊन बघून आले. यावेळची गाड्यांची मोजणी शाळा चालू असतानाची आहे. निचऱ्याचा नकाशाही ठीक वाटला. तिला अजून फोन केलेला नाही.